समासातले प्रश्नचिन्ह

सदाशिव पेठ, पुणे

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

क्लॅट या कायद्याच्या प्रवेशपरीक्षेचा सराव पेपर जेवणाच्या टेबलावर टाकून तू काल झोपायला गेलीस, आणि जन्मभर मुद्रितशोधन केलेल्या माणसाला समोरचा छापील कागद वाचल्यावाचून राहवत नाही, म्हणून मी तो वाचला. समोरासमोर बोलायला गेलो की तुझा चहा निवतो आणि माझा आवाज चढतो, त्यापेक्षा लिहिलेले बरे.

तर्कविभागातील चोवीस प्रश्नांपैकी शेवटचे पाच तू कोरे ठेवले होतेस. आज सकाळी पोहे खाता खाता तेच पाच तू सोडवलेस आणि त्यांतले चार बरोबर निघाले. म्हणजे ते तुला अवघड नव्हतेच, त्यांच्यापर्यंत तू पोहोचली नव्हतीस. वेळ कुठे गेला, ते ८७व्या प्रश्नाशेजारी दिसते: दोन पर्यायांभोवती पेन्सिलीची वर्तुळे, खोडलेली, पुन्हा काढलेली, पार कागद विरेपर्यंत.

तो उतारा लक्ष्मी रस्त्याचा होता. दुपारी तिथली दुकाने बंद असतात, त्या वेळी गर्दी नसते, म्हणून लोकांना दुपारी खरेदी करायचीच नसते, असा युक्तिवाद; आणि त्यामागचे गृहीतक ओळखायचे होते. ‘दुकानदारांना दुपारी विश्रांती हवी असते’ हा पर्याय तुला सोडवेना, कारण पुणेकर म्हणून तो खरा आहे हे तुला ठाऊक आहे. पण जे खरे आहे ते गृहीतक असेलच असे नाही. अशा वेळी पर्याय उलटा करून पाहावा. दुकानदारांना विश्रांती नको असली तरी युक्तिवाद जागचा हलत नाही. ‘गर्दी नसण्याचे कारण बंद दुकाने हे नाही’ हा दुसरा पर्याय मात्र उलटा केला, म्हणजे दुकाने बंद असल्यामुळेच लोक येत नाहीत असे धरले, की निष्कर्ष कोसळतो. एवढ्याला अर्धे मिनिट पुरते. तू बहुधा सहा-सात मिनिटे उताऱ्याशी नव्हे, तर आपल्याच गावाविषयीच्या माहितीशी वाद घातलास. (हा दोष आनुवंशिक आहे, हे तुझी आई सांगेलच.)

छापखान्यात आम्हाला एक शिस्त होती. एखाद्या शब्दाविषयी शंका आली, तर समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करून पुढे जायचे. एका शब्दापायी सोळा पानांचा फर्मा अडवायचा नाही. परत आल्यावर त्यांतल्या निम्म्या शंका आपोआप मिटलेल्या असत. तूही तसेच कर. १२० मिनिटांत १२० प्रश्न असले, तरी साडेचारशे शब्दांचा उतारा वाचण्याचा वेळ त्यातच धरलेला असतो. सहा प्रश्नांच्या उताऱ्याला वाचनासकट सात मिनिटे दे. असे चार उतारे म्हणजे अठ्ठावीस मिनिटे. क्लॅटमध्ये विभागवार वेळेचे बंधन नसल्यामुळे वरची चार मिनिटे सामान्य ज्ञानातून काढता येतील. तिथे उत्तर येते किंवा येत नाही, विचार करून सुचत नाही.

दोन पर्याय बाद झाले आणि उरलेल्या दोनांत अडलीस, तर एकावर खूण करून पुढे जा. बरोबर उत्तराला एक गुण आहे आणि चुकीला ०.२५ जातात, म्हणजे अशा निम्म्या खुणा चुकल्या तरी सरासरी प्रश्नामागे ०.३७५ गुण पदरात राहतात. सिंबायोसिसच्या स्लॅट या कायद्याच्याच प्रवेशपरीक्षेत तर ६० मिनिटांत ६० प्रश्न असून चुकीला दंडच नाही; तिथे कोरा प्रश्न ठेवायला काहीच कारण नाही.

उत्तरपत्रिकेतील गोल प्रत्येक उतारा संपताच भर. प्रश्न सोडून पुढे जाणाऱ्याचे गोल एका ओळीने सरकतात, आणि ती चूक शेवटच्या पाच मिनिटांत सापडली तर निस्तरता येत नाही.

आणखी एक. क्लॅट दुपारी दोन ते चार या वेळात होत आली आहे, म्हणजे नेमकी आपल्या घरातली वामकुक्षीची वेळ, आणि तू सराव करतेस रात्री दहाला. येत्या रविवारी जेवण बाराला उरकू. दोन वाजता तू पेपर उघड; मी दारावरची घंटा बंद करून घड्याळ घेऊन समोर बसतो. झोपणार नाही.

तुझा,
बाबा