शाळेसमोरचा रस्ता मार्गी लावणाऱ्या मॅडमना

नमस्कार मॅडम,

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाहीये, कारण तुम्हीच म्हणाला होतात की नाव छापलंत तर उद्यापासून सगळ्या शाळांचे पालक माझ्याच टेबलासमोर रांग लावतील. पण आभार चारचौघात मानायचे होते म्हणून हे पत्र, आणि ज्यांना ओळखायचंय ते ओळखतीलच.

शाळेसमोर आता उंच केलेलं झेब्रा क्रॉसिंग आहे, कोपऱ्यावरचं पार्किंग हटलंय, फुटपाथ मध्येच गायब होत नाही आणि गेटच्या आत सायकल स्टँड आहे. लिहायला एक ओळ पुरली, प्रत्यक्षात नाकी नऊ आले. आम्ही तुमच्याकडे आलो तेव्हा आमच्याकडे नुसता संताप होता आणि "शाळेसमोर काहीतरी करा" असा एक अर्ज. त्याआधी एका ठिकाणी "अजून अपघात झालाय कुठे, झाला की बघू" असं तोंडावर ऐकून आलो होतो (हे वाक्य अजूनही डोक्यातून जात नाही). तुम्ही अर्ज वाचलात, लाल पेन काढलंत आणि विचारलंत, याला बजेट हेड कुठलं लावू मी? फुटपाथ म्हणा, क्रॉसिंग म्हणा, किती मीटर ते लिहा, मग पैसे मागता येतील. कुणी वैतागलं असतं पण आम्हाला पहिल्यांदाच वाटलं की चला, कुणीतरी मनावर घेतंय.

आणि मग तुम्ही शाळा सुटायच्या वेळेला स्वतः आलात. ते मी विसरणार नाही. सगळे उभ्याने बोट दाखवत बोलत होते आणि तुम्ही सरळ कोपऱ्यावर उकिडव्या बसलात, फोन पहिलीतल्या पोराच्या डोळ्याच्या उंचीला धरलात आणि फोटो काढलात. फोटोत काय, तर पार्क केलेल्या गाडीचा बंपर, अर्धी नंबर प्लेट आणि वर थोडं आकाश. रस्ता नाहीच! आम्हाला उभ्याने दोन्ही बाजू स्वच्छ दिसत होत्या म्हणून आम्ही इतके दिवस पोरांनाच ओरडत होतो की नीट बघून क्रॉस करा, पण बघणार कुठून, आणि गाडीवाल्याला तरी ते पोर कुठून दिसणार. तोच फोटो अर्जाला पहिल्या पानावर लावलात आणि मीटिंगमध्ये मोठमोठी भाषणं तयार करून आलेले लोक तो बघून गप्प झाले.

त्याच मीटिंगमध्ये स्पीडचा विषय निघाला तेव्हा एक साहेब म्हणाले की 50 आणि 30 मध्ये असा काय फरक पडतो. तुम्ही तिथल्या तिथे मांडून दाखवलंत. ड्रायव्हरला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण 1 सेकंद जातो, 30 ने येणारी गाडी तेवढ्यात 8 मीटर पुढे येते आणि कोरड्या रस्त्यावर 13 मीटरच्या आसपास थांबते. 50 वाल्याचे त्याच 1 सेकंदात जवळपास 14 मीटर गेलेले असतात. म्हणजे पोर 13 मीटरवर असेल तर पहिला थांबतो आणि दुसऱ्याचा ब्रेक अजून लागलेलाच नसतो. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 29 वयोगटात मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण रस्ते अपघात सांगते, आणि जिथे माणसं आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे 30 ची मर्यादा का सुचवते, ते त्या दिवशी समजलं.

पण खरं सांगू का, मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते तुम्ही ज्याला नाही म्हणालात त्याचे. लुकलुकणारा मोठा बोर्ड आणि कमान हवी असा काहींचा हट्ट होता, फोटोला छान दिसतं ना. निधी तर लहानसाच होता. तुम्ही म्हणालात बोर्ड बघून कुणी ब्रेक मारत नाही, रस्ता उंच झाला की झक मारत मारतात. आणि वर थोडे पैसे पुन्हा रंग मारायला आणि मुलांना रस्त्यावर सायकल चालवायला शिकवायला बाजूला ठेवलेत. यावर कुरकुर झाली तेव्हा तुम्ही अमेरिकेचं उदाहरण काढलंत, तिथे 2005 च्या कायद्याने शाळेच्या वाटांसाठी 61 कोटी 20 लाख डॉलर ठेवले आणि त्यातही 10 ते 30 टक्के पैसे बांधकाम सोडून शिकवणं, प्रोत्साहन, देखरेख यावरच खर्च करायचे असा नियमच होता. कारण त्यांच्याकडे 1969 मध्ये 5 ते 14 वयाची साधारण निम्मी मुलं चालत किंवा सायकलने शाळेत जायची, 2009 मध्ये ती 13 टक्क्यांवर आली होती. शाळेच्या सुरक्षित वाटांची मूळ कल्पना त्याच्याही आधीची, 1970 च्या दशकातली, डेन्मार्कच्या ओडेन्सची, हेही तुमच्याकडूनच कळलं.

आता थोडं आमच्या पालकांबद्दल, तुम्ही सौम्यपणे बोलला होतात म्हणून मी जरा स्पष्ट बोलते. गेटसमोरची गर्दी आपणच करत होतो. रस्ता धोक्याचा म्हणून गाडीने सोडायचं, आणि त्याच गाड्यांमुळे रस्ता आणखी धोक्याचा. आता जवळपासची पोरं घोळक्याने चालत येतात, पाळीपाळीने दोन पालक बरोबर असतात, तरी काही जण अजून गेटला चिकटूनच गाडी लावतात आणि हॉर्न मारतात, त्यांना हे पत्र पाठवणारच आहे.

सायकल स्टँड मात्र कमी पडायला लागलंय, पोरं रेलिंगला सायकली बांधतायत. क्रॉसिंगचा एका बाजूचा रंग टायरखाली उडालाय, त्यासाठी ठेवलेल्या पैशांची फाईल सध्या कुणाच्या टेबलावर आहे तेवढं सांगा, पाठपुरावा आम्ही करतो. आणि मागच्या गेटच्या गल्लीचा अर्ज आम्हीच लिहिलाय, मीटर मोजून, बसून काढलेल्या फोटोसकट. मंगळवारी घेऊन येते, लाल पेन तयार ठेवा.

तुमची,
एक पालक (आणि क्रॉसिंगवर शिट्टी घेऊन उभी राहणारी)