वेळेचं भान हाही आजाराचाच भाग

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

२४ मेच्या जागतिक स्किझोफ्रेनिया दिनानिमित्त भास, संशय, कानात येणारे आवाज यांवर पुष्कळ छापून आलं. या आजारात वेळेचं भानही बिघडतं, हे मात्र कुठे वाचायला मिळालं नाही. आमच्या घरात रोजची ओढाताण त्यावरूनच होते.

माझ्या धाकट्या भावाला हा आजार आहे. दुपारी डोळा लागला आणि संध्याकाळी जाग आली, की त्याला पहाट झाल्यासारखं वाटतं. तो दात घासतो, चहा मागतो आणि सकाळची गोळी पुन्हा घ्यायला निघतो. ‘अरे, दिवेलागण झाली,’ म्हटलं तर माझ्याकडेच संशयाने बघतो. गोळ्यांची डबी आता माझ्या कपाटात असते. नातेवाईक म्हणतात, शिस्त लावा. शिस्तीचा प्रश्न नाही हो हा!

पॅरिसमधले मानसोपचारतज्ज्ञ यूजीन मिंकोव्स्की यांनी १९३३ मध्येच लिहून ठेवलंय, की अशा रुग्णाच्या मनातला काळाचा प्रवाहच अडतो. पुढे प्रयोगही झाले. दोन दिवे किंचित मागेपुढे लागले तर इतरांना तो फरक कळतो. या रुग्णांना पुष्कळदा ते एकदमच लागल्यासारखे वाटतात. काही सेकंदांचा अंदाजसुद्धा दर खेपेला वेगळा येतो. सगळ्यांना सारखाच त्रास होतो असं नाही, पण असतो तो खरा असतो.

आम्ही महिन्याच्या इंजेक्शनला जातो तिथे नंबर एकदाच पुकारतात. गेल्या खेपेस तासाभरातच भावाने विचारलं, ‘ताई, आपण कालपासून इथेच आहोत ना?’ तो नळावर पाणी प्यायला गेला आणि नेमका नंबर निघून गेला. ‘आता सगळ्यांत शेवटी,’ खिडकीतून उत्तर आलं. भाऊ उठून सरळ एसटी स्टँडच्या वाटेला लागला. इंजेक्शन राहिलं. त्यानंतर घरात काय झालं ते इथे लिहीत नाही.

दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात मानसिक आजारही येतो. व्हीलचेअरसाठी उतार बांधतात, तशी या रुग्णांचीही सोय व्हायला हवी. नुसत्या इंजेक्शनसाठी आलेल्यांची वेगळी रांग लावा. हुकलेल्याला लगेच पुढचा नंबर द्या. आणि ‘थांबा’ एवढंच न म्हणता ‘तुमच्या आधी चार जण आहेत’ असं सांगा. भावाला घड्याळ दाखवून उपयोग होत नाही. पुढची माणसं कमी होताना मात्र तो नीट मोजतो.

— एक मोठी बहीण, मिरज