साल्सा म्हणजे नुसता नाच नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला साल्सावरचा लेख वाचून डोकंच भणाणलं. अर्धं पान खर्ची घातलंत, चमचमत्या कपड्यातल्या जोडीचा फोटो, वजन कसं उतरतं ते, आणि वाजवणाऱ्या-गाणाऱ्या एकाचंही नाव नाही! वर म्हणे साल्सा क्युबातून जसाच्या तसा आला. अहो, मूळ क्युबाच्या 'सोन' या संगीतप्रकारातलं हे खरंच, पण साल्सा म्हणून जग जे ऐकतं ते न्यूयॉर्कमधल्या पोर्तोरिकन वस्त्यांमध्ये घडलं. १९६४ ला संगीतकार जॉनी पाचेको आणि वकील जेरी मासुचीने फानिया ही रेकॉर्ड कंपनी काढली, ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या विली कोलोनची पहिली रेकॉर्ड १९६७ ची, तेव्हा पोरगा जेमतेम सतराचा. गायिका सेलिया क्रूझचं तरी नाव घ्यायचं होतंत.

मी बोटीवर इंजिनरूमला होतो. १९८० ला पनामाच्या क्रिस्तोबाल बंदरात एका गोदीकामगाराने 'सिएम्ब्रा' ही रेकॉर्ड ऐकवली, कोलोन आणि गायक रुबेन ब्लेड्सची, १९७८ ची. सिएम्ब्रा म्हणजे पेरणी. पहिलंच गाणं डिस्कोसारखं सुरू होतं आणि मग एकदम काँगा ढोल घुसतात, शेवटी एकेका देशाचं नाव पुकारतात आणि कोरस 'प्रेसेन्ते' म्हणतो, शाळेत हजेरीला 'हजर' म्हणतो ना तसं. पनामाचं नाव आलं तसा तो माणूस मूठ वर करून ओरडला, ब्लेड्स त्यांचाच ना! दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन मी ती रेकॉर्ड घेतली आणि चाळीस वर्षं जपली.

मागच्या वर्षी आमच्या इथल्या एका डान्स क्लासने मागितली म्हणून मोठ्या हौसेने दिली. परत आली ती कव्हरशिवाय आणि त्यातल्या 'पेद्रो नावाहा' या गाण्यावर आडवा ओरखडा घेऊन. सात मिनिटांच्या वरचं गाणं, रस्त्यावरचा एक गुंड, त्याचा सोन्याचा दात चमकतो, आणि नेमकी तिथेच आता सुई उडते. विचारलं तर म्हणे, 'काका, यूट्यूबवर आहे की.' त्या क्लासमध्ये महिनाभर मी हिंदी रिमिक्सच ऐकतोय, एक अस्सल साल्सा लागला नाही. आणि तुमचा लेख वाचून अशाच क्लासला आणखी पोरं जाणार.

पुढच्या रविवारी निदान चौकटीत तरी या लोकांची नावं आणि रेकॉर्डी छापा. आणि हो, पुरवणीचा टाइप इतका बारीक केलाय की भिंग घेऊन बसावं लागतं, तेही बघा. मागचं पत्र तुम्ही निम्मं कापलंत, हे कापू नका.

आपला जुना वाचक,
एक निवृत्त मरीन इंजिनिअर, अलिबाग