अण्णांची मोटार सध्या सातपूरला आहे

पंचवटी, नाशिक

तीर्थरूप आई आणि बाबा यांस साष्टांग नमस्कार.

आईचा गुडघा आता नीट वाकू लागला आहे आणि बाबांची शुगरही आटोक्यात आली आहे, असे दादाने फोनवर सांगितले. जिवाला बरे वाटले. म्हणूनच जे फोनवर सांगणे टाळत होते, ते आज सविस्तर लिहिते. अण्णा आजोबांची मोटार मी विकलेली नाही आणि विकणारही नाही. मागच्या पडवीतून हलवून ती सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये नेली आहे आणि तिचे कामही सुरू झाले आहे. बाबा, ‘गिऱ्हाईक आले आहे तर देऊन टाक, तुझ्या गळ्यात हे लोढणे कशाला’ असे तुम्ही दिवाळीत म्हणालात, ते केवळ माझा भार हलका व्हावा म्हणून, हे मला ठाऊक आहे. पण ते बोलताना तुमची नजर पडवीच्या दारावर खिळलेली होती आणि माझा निर्णय त्याच वेळी झाला.

पैशांची काळजी कृपा करून करू नका. माझ्या विम्याची मुदत पूर्ण होऊन आलेली रक्कम यासाठी वेगळी ठेवली आहे. तुमच्या ठेवींना किंवा आईच्या औषधपाण्याच्या पैशांना हातही लावलेला नाही आणि लावणार नाही. उलट, गाडी हलवल्यामुळे पडवी मोकळी झाली, म्हणून तिथे आईसाठी कमोडची सोय करून घेतली आहे आणि जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवला आहे. गच्चीवरच्या तुळशीला रोज पाणी घातले जाते. देवघरातला दिवाही चुकत नाही. तुम्ही याल तेव्हा बाबांची आरामखुर्ची खिडकीपाशी, जिथे होती तिथेच असेल.

आता आपल्या फोर्ड ‘मॉडेल ए’ मोटारीविषयी. बॉडी चासीवरून, म्हणजे खालच्या सांगाड्यावरून, उचलल्यावर डाव्या बाजूच्या पट्टीवर एक क्रमांक ठोकलेला दिसला. तिथे ग्रीस आणि गंजाचा इतका थर होता की मिस्त्रींनी रॉकेलचा बोळा फिरवला तेव्हा कुठे एकेक आकडा उमटू लागला. फोर्डच्या कारखान्यात ‘मॉडेल ए’च्या इंजिनाचाच क्रमांक चासीवर ठोकत असत, आणि आपल्या गाडीत ते दोन क्रमांक जुळत नाहीत. म्हणजे इंजिन मागाहून बदललेले आहे. चाके पाहावीत तर ती २१ इंचांची आहेत. कारखान्याने १९३० पासून १९ इंचांची चाके दिली, त्यामुळे गाडी १९२८ किंवा १९२९ ची असावी. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या या गाड्या आपल्याकडे कॅनडाच्या फोर्ड कंपनीकडून येत असत, आणि त्या कंपनीने १९२६ साली मुंबईत आपला कारभार सुरू केला होता, एवढेही समजले.

पण खरा उलगडा अण्णांच्या जमाखर्चाच्या चोपड्यांनी केला. मोडी वाचणाऱ्या एका जाणकार बाईंनी त्या माझ्यासाठी वाचून दिल्या. १९३४ च्या चोपडीत अण्णांच्या हातची नोंद आहे की देवळाली कॅम्पातील एक लष्करी साहेब विलायतेस परत जात असल्याने त्याची मोटार घेतली, आणि रक्कम हप्त्यांनी दिली. बाबा, अण्णांनी गाडी कोरी करकरीत घेतली, असे आपण आजवर अभिमानाने सांगत आलो, म्हणून हे लिहिताना माझा हात अडखळतो आहे. तरीही मला वाटते, यात अण्णांचे मोठेपण कणभरही कमी होत नाही. त्याच पानावर आत्याबाईंच्या लग्नाचा खर्च आहे आणि विहिरीच्या कामाचाही आहे. एवढा प्रपंच पेलत असताना, शिलकीकडे पाहून, जमेल तशी, पण कुणाचा एक पैसा न बुडवता त्यांनी ती गाडी घेतली. कोरी गाडी घेणाऱ्या अण्णांपेक्षा हे अण्णा मला अधिक जवळचे वाटतात.

म्हणूनच मूळ क्रमांकाचे इंजिन शोधत बसायचे नाही, असे मी ठरवले आहे. आहे ते इंजिनही ‘मॉडेल ए’चेच, तेच चार सिलिंडरचे आणि ४० अश्वशक्तीचे आहे, आणि कसाऱ्याच्या घाटात तुम्हाला मांडीवर घेऊन बसलेल्या अण्णांना त्यानेच वर आणले. त्याच्या बेअरिंगांचे व्हाइट मेटल, म्हणजे आतले मऊ धातूचे अस्तर, झिजले आहे, ते नव्याने ओतून घ्यायचे आहे. काचेच्या पुढे, बॉनेटमागे असलेली पेट्रोलची टाकी आतून गंजली आहे. या गाडीला पेट्रोलचा पंप नाही, पेट्रोल उंचावरून आपोआप कार्बोरेटरमध्ये उतरते, त्यामुळे टाकीतला कचरा थेट तिथे जातो. टाकी स्वच्छ झाल्याखेरीज इंजिन सुरू करायचे नाही, असे मिस्त्रींना बजावले आहे. गाडीतल्या लाकडी फळ्या सागवानाच्या घालणार आहोत.

रंगाचा निर्णय मात्र आईसाठी घेतला आहे. डॅशबोर्डखाली खरवडले तेव्हा मरून रंगाच्या आत राखाडी झाक असलेला निळा रंग लागला. जाणकार म्हणाले, मूळचाच रंग द्या. पण आई, तुझी वरात मरून गाडीतून या वाड्याच्या दारात आली होती, आणि ती निळी झालेली तुला कशी ओळखू येईल? गाडी मरूनच राहील. फक्त डॅशबोर्डखालचा तळहाताएवढा निळा तुकडा तसाच ठेवायला सांगितले आहे.

बाबा, तुमच्या मांडीवर बसून स्टिअरिंगखालच्या त्या दोन दांड्या मी किती वेळा खालीवर केल्या असतील! डावी ठिणगीची आणि उजवी पेट्रोलची. ठिणगी मागे घेतल्याशिवाय, म्हणजे ती उशिरा पडेल असे केल्याशिवाय, गाडी सुरू करायचे हॅन्डल मारायचे नाही, आणि अंगठा हॅन्डलभोवती गुंडाळायचा नाही, नाहीतर उलटा झटका बसून मनगट मोडते, हे तुम्ही मला शाळेत जायच्या आधी शिकवले. वर्कशॉपमधल्या पोरांना मी तेच शिकवले, तेव्हा तुमची फार आठवण आली.

आईने नाशिकच्या द्वारका चौकातल्या रहदारीची धास्ती घेऊ नये. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. आपल्या गाडीचे जुने कागद आहेत. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली किंवा देखभालीपुरतीच ती बाहेर निघेल, आणि पहिल्या फेरीला बाबाच माझ्या शेजारी असतील. इंजिन बदलल्याची गोष्ट अर्जात लपवायची नाही, हेही नक्की आहे.

तोवर मात्र माझे ऐका. आई, फिजिओथेरपीचे व्यायाम एक दिवसही चुकवायचे नाहीत, आणि ‘आज बरे वाटते’ म्हणून काठी कोपऱ्यात ठेवायची नाही. बाबा, रात्रीची गोळी जेवणानंतर लगेच घ्यायची, आणि दादाच्या घरी कुणी पाहत नाही म्हणून चहात साखर घालायची नाही. वहिनीला मी सांगून ठेवले आहे.

एक काम आहे. गाडीचे हॅन्डल पडवीत सापडले नाही. माळ्यावरच्या पेटीत आहे की तुम्ही दुसरीकडे ठेवले होते, ते आठवून दादाकडून कळवा. आणि हुडाच्या कापडासाठी अण्णांच्या वेळचा रंग कोणता होता, खाकी की काळा, तेही सांगा, कारण कापड आठवड्याभरात आणायचे आहे.

कळावे.

तुमची,
शुभा