पाडव्याआधी घर आवरताना

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर विचारलंस, "आई, घर साफ करायला काय काय आणू?" आणि लगेच अकरा बाटल्यांचा फोटो पाठवलास. ओट्याला वेगळी, काचेला वेगळी, फरशीला वेगळी. दोन खोल्यांचं तुझं घर, त्यातली एक बाटल्यांनाच लागायची. काही आणू नकोस. शेजारच्या काकू रविवारी पुण्याला येतायत, त्यांच्याबरोबर पिशवी पाठवतेय. काय कशाला वापरायचं ते इथे लिहिते. फोनवर तू निम्मं ऐकतच नाहीस.

सुरुवात वरून. आधी जळमटं, मग पंखा, फरशी सगळ्यात शेवटी. पंख्याच्या पात्यावर उशीचा जुना अभ्रा चढव आणि दाबून मागे ओढ. धूळ अभ्र्यातच राहते, गादीवर सांडत नाही. एक्झॉस्टच्या पंख्यावरचा चिकटा मात्र तेलाचा, तो खाराने चांगला सुटतो. आजी राख वापरायच्या, तू धुण्याचा सोडा घे. हातमोजे घालून गरम पाण्यात दोन चमचे, अर्धा तास भिजव, मग जुन्या टूथब्रशने घास. पाती ॲल्युमिनियमची असतील तर सोडा नको, काळी पडतात. भांड्याचा साबण पुरे.

नळावर आणि बादलीत जो पांढरा थर बसलाय (बोअरचं पाणी, बसणारच) त्याला आंबट लागतं. व्हिनेगरमध्ये फडकं भिजवून नळाला गुंडाळ, अर्ध्या तासाने पुसून धुऊन टाक.

आता ते व्हिडिओतलं, सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचं. फेस बघून तुला वाटतं मळ निघतोय. अरे, खार आणि आंबट एकमेकांनाच मारतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरतं मिठासारखं काहीतरी विरघळलेलं पाणी. एका वेळी एकच वापर. आणि संडासात ब्लीच टाकलं असशील तर त्यावर व्हिनेगर, लिंबू, ॲसिड काहीही ओतायचं नाही. क्लोरीन वायू सुटतो. बाकी सगळं विसरलास तरी चालेल, हे विसरू नकोस.

तुझा ओटा कडप्प्याचा आहे, मी बघितलाय. लग्नानंतर पहिल्याच पाडव्याला मी आपल्या ओट्यावर लिंबाची सालं घासली होती, चकाकेल म्हणून, आणि तशीच ठेवून झोपले. सकाळी बघते तर काळ्याभोर दगडावर जागोजाग पांढुरके डाग, बोट फिरवलं तर खरखरीत. कडप्पा काय नि शहाबादी काय, दोन्ही चुनखडीचेच दगड. नळावरचा थर ज्याने जातो, त्यानेच हा दगडही झिजतो. आजी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून पोळपाट मात्र बरोबर त्या डागावर ठेवायला लागल्या. तू साध्या साबणाच्या पाण्याने पूस, वाळल्यावर खोबरेलाचे चार थेंब फडक्यावर घेऊन फिरव.

चिंच गुढीच्या तांब्यासाठी आहे. लिंबाएवढी भिजत घाल, चिमूटभर मीठ घेऊन घास, लगेच धू आणि कोरडा कर, नाहीतर पुन्हा डाग पडतात.

रिठे तुझ्या स्वेटरसाठी. दहा-बारा फोड, बिया काढ, रात्रभर भिजवून सकाळी उकळ आणि कुस्कर. गाळलेल्या पाण्यात स्वेटर बुचकळ, पिळू नकोस. डोळ्यात उडू देऊ नकोस, भयंकर झोंबतं. उरलेलं पाणी दोन दिवसांत संपव.

कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवलाय, तांदळाच्या डब्यात घाल. ओला पाला घालशील तर बुरशी येईल. पाडव्याच्या सकाळी खायचा कोवळा पाला मात्र तिथेच कुठूनतरी मिळव. तुमच्या सोसायटीच्या गेटाशी झाड आहे, वॉचमनकाकांना विचारून घे.

आणि गादी एक दिवस तरी गच्चीत टाक. दुपारी उलटव, काठीने झोड. तुझ्या शिंका त्याच गादीतल्या आहेत असं माझं मत आहे, तू डॉक्टरांकडे जाऊन येच.

पिशवी काकूंची आहे, कापडी. धुऊन परत दे.

तुझी,
आई