ल्युअर (मासे फसवायचं नकली आमिष) दुरुस्त करायला शिकवणाऱ्या काकांना

काका, समोर बसून थँक्यू म्हटलं की तुम्ही "चहा टाकू का" म्हणत विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, आता वाचावंच लागेल.

रेवदंड्याला कुंडलिकेच्या खाडीत जिताड्यासाठी टॉपवॉटर, म्हणजे पाण्यावर चालणारे ल्युअर टाकणाऱ्यांना माहितीये, बरा इम्पोर्टेड पॉपर (असाच एक पोकळ, तरंगणारा ल्युअर) घ्यायचा म्हणजे हजार-बाराशे जातात आणि खडकावर दोनदा आपटला की आत पाणी. लोक तो फेकून तरी देतात नाहीतर वरून फेविक्विक लावून मोकळे होतात. तुम्ही आधी कानाशी धरून हलवलात, मग गरम पाण्याच्या पातेल्यात बुडवून धरलात, म्हणालात आतली हवा तापली की फुगणार आणि जिथे चीर असेल तिथून बुडबुडे काढणार, शोधत बसायची गरजच नाही. मग पोटाला दीड एमएमचं भोक, तेही आतली तार आणि वजनाची गोळी कुठेय ते बघून, पाणी काढायचं, नीट वाळू द्यायचं आणि अराल्डाइट. पण ल्युअर गरम असताना भोक बुजवायचं नाही, कारण गार होताना आतली हवा आकसते आणि ओला अराल्डाइट आत ओढला जातो. यूट्यूबवर "हे लावा ते लावा" सांगणारे ढीगभर आहेत हो, का लावायचं ते तुम्ही सांगितलंत, थँक्यू मुख्य त्याचंच.

आणि बादलीचं! काहीही बदललं की आधी बादलीत टाकून बघ, हा तुमचा हट्ट. ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचे हुक काढून सिंगल हुक लावले की खारफुटीच्या मुळांत कमी अडकतं, मासा सोडतानाही त्याच्या तोंडाचे हाल होत नाहीत, हे सगळं बरोबर, पण सिंगल हुक बहुतेक वेळा हलका पडतो, मग जो पेन्सिल (लांबट ल्युअर) शेपूट खाली करून तिरका उभा राहायचा तो आडवा झोपतो आणि डावी-उजवी चाल मारायचं विसरतो. त्यावर तुमचा उपाय म्हणजे मागच्या हुकच्या दांडीला शिशाची तार, एकेक वेढा देत बादलीत बघत जायचं. खाडीसाठी असेल तर बादलीत मीठ टाकायचं, कारण खाऱ्या पाण्यात तोच ल्युअर जास्त वर तरंगतो. हे माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं.

पावसाळ्यात मरळीसाठी रबरी बेडूक वापरतो त्याचंही तसंच. हुक जिथून बाहेर येतो तिथूनच पाणी शिरतं हे दाखवलंत, तिथे सिलिकॉनचा थेंब, एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा आखूड कापायचा म्हणजे बेडूक जागच्या जागी वळतो, शेवाळातून सरळ निघून येत नाही. हुकची टोकं जराशी वर उचलायची, जराशीच, नाहीतर प्रत्येक गवताची काडी पकडतो. ते रबरी बेडूक आणि प्लास्टिकचे पॉपर एका डब्यात ठेवू नको म्हणालात तेव्हा मला वाटलं काका शिस्तीचे म्हणून, पण रबराने पॉपरचा रंग चिकट होऊन विरघळलेला एका मित्राच्या डब्यात बघितला आणि पटलं.

अजून एक, ल्युअरचं नाही हे. मरळीच्या लाल-केशरी पिल्लांचा थवा दिसला तर तिथे बेडूक टाकायचा नाही, आई-बाप राखणीला असतात आणि रागाने हमखास मारतात, सोपा मासा आहे म्हणूनच सोडायचा, असं म्हणाला होतात. आमच्या ग्रुपमधली दोन-तीन पोरं आता हे पाळतात, तुम्हाला माहीत नसेल.

बाकी तुमच्या स्प्लिट रिंगच्या (हुक अडकवायच्या कड्यांच्या) पकडीचं टोक पार झिजलंय, नवीन आणून ठेवलीये, रविवारी येतो घेऊन. पैसे विचारू नका. आणि एक जुना लाकडी पॉपर पण आणतोय, दातांच्या खुणांतून पाणी जाऊन रंग फुगलाय त्याचा, वाळत घातलाय तोवर.