ट्रिपिंगचं बिल कोणाच्या नावावर, मंत्रिमहोदय?

मा. ऊर्जामंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याआधी आमच्या औद्योगिक वसाहतीच्या बैठकीत आपण शब्द दिला होता, 'दिवाळीपर्यंत स्वतंत्र फीडर', म्हणजे वसाहतीपुरती वेगळी वीजवाहिनी. टाळ्या मीही वाजवल्या. दिवाळी झाली, फीडर आला नाही. परवा रात्री ट्रिपिंग झालं, लाइन गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली, आणि भट्टी पुन्हा तापवताना, विजेवर तापून तिला उष्णता देणारे सिलिकॉन कार्बाइडचे दोन रॉड मधोमध तुटले.

आपले अभियंते म्हणाले, "एका रात्रीचाच तर प्रश्न होता." साहेब, मी किटकॅट फ्यूजची पोर्सेलीनची घरं भाजतो, भट्टी 1280 अंशांवर असते. इतक्या तापात रॉडच्या अंगावर सिलिकाचा काचेसारखा थर धरतो आणि तोच आतल्या कार्बाइडला ऑक्सिजनपासून वाचवतो. थर जाड होत जातो तसं ऑक्सिडेशन मंदावतं, म्हणून भट्टी सलग चालली की रॉड टिकतात. भट्टी निवली की मात्र 270 अंशांच्या आसपास या थरातलं क्रिस्टोबॅलाइट, म्हणजे सिलिकाचं स्फटिकरूप, झटक्यात आकसतं आणि थराला तडे जातात. पुन्हा तापवलं की त्याच तड्यांतून हवा आत. त्यात दमट हवा असली की ऑक्सिडेशनला आणखी जोर. रॉडचा रोध वाढतो, रॉडला जास्त व्होल्टेज मिळावं म्हणून मी ट्रान्सफॉर्मरचा टॅप वाढवत राहतो, शेवटचा टॅप लागला की खेळ खलास. आणि दोन तुटले म्हणून दोनच बदलून भागत नाही. जुन्या-नव्यांचा रोध जुळत नाही, अख्खा सेट काढावा लागतो. भट्टीतला अर्धकच्चा माल भंगारात गेला तो वेगळा.

1891 साली अमेरिकेत संशोधक एडवर्ड अ‍ॅचेसनला सिलिकॉन कार्बाइड गवसलं तेही विजेच्या भट्टीतच. त्याच्याकडे लाइन टिकत असावी!

डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, लावा म्हणता. डिझेलवर भट्टी चालवून फ्यूज कुठल्या भावाने विकू? वसाहतीत दोनेकशे कारखाने असतील; प्रत्येकाचं वर्षाला लाखाचं नुकसान धरा, दोन कोटी झाले. आकडा चुकीचा वाटला तर तुमचा सांगा. ट्रिपिंगची नोंद तुमच्याकडेच असते, मागितली की 'वरून परवानगी लागते'. 'उद्योगस्नेही' फलकांना कुणाची परवानगी लागत नाही वाटतं.

फीडर द्या. तोवर दर महिन्याची ट्रिपिंगची नोंद वसाहतीच्या फाटकावर लावा. आणि लाइन नव्हती त्या तासांचा स्थिर आकार वजा करा. पुढचं बिल मी वेळेवर भरीनच. थकलं तर कनेक्शन तोडायला तुमची माणसं दुपारच्या आत हजर असतात.

आपला,
एक लघुउद्योजक